बारा महिने, चार टायर

टायर या विषयावर आमच्या गावात माझ्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! अभ्यासाचं पुढे काय झालं, तो भाग वेगळा.

आमचं गाव मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला. ऑक्टोबर लागला की अख्खं गाव डेलबर्टच्या गॅरेजबाहेर रांग लावतं. उन्हाळ्याचे टायर उतरवायचे, बर्फाचे चढवायचे. एप्रिलमध्ये पुन्हा तोच खेळ उलटा. मी गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. मला हा सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटायचा. तीन आठवडे मी माहितीपत्रकं वाचली, रबराचे तक्ते काढले आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "यंदा आपण ऑल-सीझन टायर बसवतोय! बारमाही! एकदा बसवले की बारा महिने बघायला नको!"

"वेगळंच आहे हं," मार्लिस म्हणाली.

मार्लिस माझी बायको. आणि 'वेगळंच आहे हं' याचा अर्थ आमच्याकडे राहिल्याशिवाय कळायचा नाही. ताटात मेलेला उंदीर वाढला तरी आमची माणसं नावं ठेवणार नाहीत, फक्त 'वेगळंच आहे हं' म्हणतील. मला हे ठाऊक होतं, पण मी ती स्तुती समजून खिशात घातली.

सासरे दुसऱ्याच दिवशी हजर झाले. ऑरिन त्यांचं नाव. चाळीस हिवाळे लाकडं वाहणारे ट्रक चालवलेला माणूस, आणि एकदाही रस्ता सोडला नाही. ते गुडघ्यावर बसले आणि माझ्या नव्या टायरवर बोट फिरवत काहीतरी शोधू लागले.

"डोंगर दिसत नाही," ते म्हणाले.

"कसला डोंगर?"

"डोंगराचं चित्र. त्यात हिमकण. ते असलं तर टायर खरा बर्फाचा."

"अहो, अक्षरं आहेत ना! 'चिखल आणि बर्फ' याची अक्षरं!"

"अक्षरं काय, मीही लिहीन," ते उठत म्हणाले. "माझ्या पाहण्यात बर्फाचे चार नवे टायर आहेत. आणू?"

"छे छे, कशाला त्रास!"

आठवड्याने पुन्हा विचारलं, "आणू का रे?"

"नको हो, अजिबात नको!"

आता यात माझं काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी आहे. कॉफी असो, केक असो, घसरलेली गाडी खड्ड्यातून ओढून काढणं असो, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर' म्हणायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस परगावचा! मी तिसऱ्यांदा काय म्हणालो असतो कुणास ठाऊक. पण तिसरी वेळ आलीच नाही, कारण मध्ये एक रविवार आला.

त्या रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला आर्डेलबाईंनी गाडीचा विषय काढला. आमचं चर्च तळ्याच्या काठावर आहे. तळं गोठलं की गावची मंडळी एक भंगार गाडी ढकलत बर्फावर नेऊन उभी करतात. वसंतात बर्फ वितळून ती कधी बुडेल, याची प्रत्येकाने तारीख आणि वेळ सांगायची. ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळचा, त्याला हरणाच्या मटणाने गच्च भरलेला फ्रीझर! गाडीला एक तार बांधतात. तारेचं दुसरं टोक चर्चमधल्या घड्याळाला. गाडी गेली खाली की तार ओढली जाते, घड्याळ थांबतं आणि घंटा वाजते. या सगळ्याचा कारभार आर्डेलबाईंकडे. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि ऑर्गनपेक्षा जास्त त्यांना गाव घाबरतं. तळ्यावरच्या गाडीला हात लावणं म्हणजे दानपेटी फोडण्याइतकं पाप!

"यंदाच्या गाडीचे चारही टायर फाटलेत," आर्डेलबाई म्हणाल्या. "ढकलायची कशी?"

यंदाची भंगार गाडी नेमकी आमच्याच गाडीची थोरली बहीण होती. तेच मॉडेल, फक्त वीस वर्षं जुनं. मी उठून उभा राहिलो. रबर, तापमान, घर्षण आणि मानवी प्रगती यांवर दहा मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, "माझे बर्फाचे टायर घ्या! चाकांसकट! दोनच हिवाळे वापरलेत. मला आता त्यांची गरज नाही!"

टाळ्या पडल्या. ऑरिन माझ्याकडेच येत होते. ते मध्येच थांबले, हातातला कप खाली ठेवला आणि टोपी घालून निघून गेले. मला वाटलं, भारावले.

डिसेंबर बरा गेला. मग जानेवारी आला, आणि मार्लिसचे दिवस भरत आले. आमचं पहिलं बाळ. दवाखाना चाळीस मैलांवर, आणि वाटेत एक मेला उतार! तपासणीहून परत येताना त्या उतारावर मी ब्रेक दाबला. गाडीने ब्रेकचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या मनाने निघाली. आधी आडवी, मग उलट्या तोंडाची, मग पूर्ण गोल! लाकडाचा एक ट्रक भोंगा वाजवत हातभर अंतरावरून गेला. आम्ही बर्फाच्या ढिगात जाऊन थांबलो. मार्लिसने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते.

"बरं," ती म्हणाली.

बस्स, एवढंच! भांडली असती तर परवडलं असतं. त्या 'बरं'ने माझी झोप उडाली. डोळा लागला की तोच उतार, तीच गिरकी, आणि शेजारी कळा सोसणारी मार्लिस. माझ्या तक्त्यांमुळे माझं बाळ रस्त्याच्या कडेला जन्मणार, या विचाराने मला थंडीत घाम फुटायचा.

डेलबर्टकडे बर्फाचे टायर उरले नव्हते. म्हणजे नसावेत. मी विचारलंच नाही, कोणत्या तोंडाने विचारणार? आणि सासऱ्यांना विचारणं तर त्याहून कठीण. मग एके पहाटे डोक्यात प्रकाश पडला. माझे टायर आहेत की! तळ्यावर, आर्डेलबाईंच्या गाडीला! आपले बारमाही तिला लावायचे, तिचे आपल्याला. भंगार गाडीला कुठे दवाखान्यात जायचंय?

अडचण एकच. मी बर्फावर जात नाही. आठ वर्षांचा असताना माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. तेव्हापासून तीस हिवाळे मी 'जरा सर्दी आहे' म्हणून काठावरच काढलेत. सगळं गाव तिथे झोपड्या टाकून मासे धरतं, जेवतं, पत्ते कुटतं, आणि मी काठावर नाक शिंकरत उभा!

रविवार निवडला. गाव चर्चमध्ये असणार. मार्लिस ऑरिनच्या ट्रकमधून गेली. "माझ्या पोटात दुखतंय," मी सांगितलं, आणि तोवर ते खरंही झालं होतं.

मी गाडी तळ्यावर उतरवली. खिडक्या उघड्या, पट्टा सोडलेला, एक दार अर्धवट लोटलेलं, म्हणजे बुडालो तर उडी मारता येईल! बाहेर शून्याखाली वीस. बर्फ दोन फूट जाड आहे, वरून ट्रक जातो, हे मला पुस्तकी माहीत होतं. पण तेवढ्यात तळं बोललं. थंडी वाढली की बर्फ आवाज करतो, खालून कुणीतरी लोखंडी कपाट सरकवल्यासारखा. गड्डड्डम! माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी इथे लिहीत नाही.

दोन जॅक होते. एक इकडे, एक तिकडे. पहिलं चाक बदललं. दुसरंही बदललं! चर्चमधून ऑर्गन ऐकू येत होता. तिसऱ्यासाठी दोन्ही गाड्या उचलल्या, दोन्ही चाकं बाहेर काढली, आणि पाठीमागून आवाज आला.

"गारठा आहे."

डेलबर्ट! हा माणूस रविवारी प्रार्थना चुकवून झोपडीत मासे धरत बसतो, हे मला कसं ठाऊक असणार? हातात कॉफीचा थर्मास घेऊन तो दोन गाड्या, दोन जॅक आणि दोन सुट्या चाकांकडे शांतपणे पाहत होता.

"आहे खरा," मी म्हणालो.

"वारा नाही, ते एक बरं."

"हो ना."

'काय करतोयस' असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. फक्त उभे राहतात. पोलीस परवडले!

"मदत करू?" शेवटी तो म्हणाला.

"छे छे!"

"धरू का चाक?"

"नको रे, नको!"

त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. मी हो म्हणणार होतो, शपथेवर सांगतो! तेवढ्यात तळं पुन्हा गरजलं. गड्डड्डम! मी हातभर उडालो आणि पालथा पडलो तो थेट तारेवर.

चर्चमध्ये घंटा वाजू लागली.

ऑर्गन मध्येच बंद पडला. दारं उघडली आणि अख्खं चर्च काठावर धावलं. सगळ्यांत पुढे आर्डेलबाई. जानेवारीत गाडी बुडाली? साठ वर्षांत नाही झालं!

"गाडी तर वरच आहे!" कुणीतरी ओरडलं.

"मग बुडालं कोण?"

"ती दुसरी गाडी लोवेलची ना? लोवेल कुठाय?"

लोवेल म्हणजे मी. मी गाडीआड पालथा पडलो होतो. बर्फ तडकला तर आडवं पडावं असं वाचलं होतं, म्हणून हलत नव्हतो. मग मार्लिसची हाक आली. "लोवेल!" तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी हात वर केला. हातात पाना होता.

दोनशे माणसं बर्फ तुडवत आली आणि गोल करून उभी राहिली. आर्डेलबाईंनी घसा साफ केला.

"ऊन छान पडलंय."

"पडलंय खरं," मी म्हणालो.

"आमच्या गाडीचं चाक निघालेलं दिसतंय."

"दिसतंय."

"आपोआप निघालं असेल."

एवढं मोठेपण मला सोसवेना. "मी काढलं!" मी ओरडलो. "मला भीती वाटते! या तळ्याची वाटते, त्या उताराची वाटते! माझे टायर घसरतात! सबंध हिवाळाभर घसरतायत! मार्लिसला घेऊन निघालो आणि वाटेत काही झालं तर मी काय करू?"

सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. आमच्याकडे एवढं मोकळं कुणी बोलत नाही, लग्नातसुद्धा!

"लोवेल," मार्लिस पोट धरून म्हणाली, "निघायला हवं. आत्ता."

मी गाडीकडे धावलो. गाडी जॅकवर, एक चाक बर्फावर! तीन आठवड्यांचा अभ्यास, दहा मिनिटांचं भाषण, आणि ऐन वेळेला माझी गाडी तीन पायांच्या कुत्र्यासारखी उभी.

ऑरिन ट्रक घेऊन आले. मार्लिसला पुढच्या लांब सीटवर आडवं केलं, आर्डेलबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. "तू मागे," ऑरिन मला म्हणाले. मागे म्हणजे उघड्या हौद्यात. कुणीतरी पांघरुणं फेकली, डेलबर्टने थर्मास दिला. या वेळी मी एकदाही नको म्हणालो नाही.

हौद्यात ताडपत्रीखाली चार टायर होते. नवे कोरे. ट्रकला मागे वजन हवं म्हणून लोक वाळूची पोती टाकतात, तसे ठेवलेले. मी त्यांना मिठी मारून बसलो. नाकासमोरच चित्र होतं. डोंगर, आणि त्यात हिमकण.

मी केबिनची मागची काच ठोठावली. आर्डेलबाईंनी ती बोटभर सरकवली.

"हे टायर कुणाचे?"

"तुझे," ऑरिन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "ऑक्टोबरपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"दोनदा विचारलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा विचारायला येत होतो. त्या रविवारी, कॉफीला. तू भाषण करत होतास."

मी काच लावून घेतली. पुढे तो उतार आला. मी डोळे मिटले, येत होत्या तेवढ्या प्रार्थना म्हटल्या. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा खाली उतरला. आम्ही पोचल्यावर वीस मिनिटांत मुलगी झाली. गुलाबी, टकली आणि प्रचंड रागावलेली! हौद्यातल्या थंडीने सुजलेल्या माझ्या कानांना आणि बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा ती मला मऊ लागली की खरखरीत, ते काही कळलं नाही. मी रडलो मात्र भरपूर.

आमची गाडी दुसऱ्या दिवशी ऑरिन आणि डेलबर्टने डोंगरवाले टायर लावून घरी आणली. भंगार गाडीबद्दल आर्डेलबाईंनी निकाल दिला की यापुढे तिला कुणीही, कशासाठीही हात लावायचा नाही. डेलबर्टने तेवढं तिसरं चाक होतं तिथे बसवलं, आणि एका बाजूला माझे दोन बारमाही टायर घेऊन ती तशीच उभी राहिली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. वादळं आली, वारे आले. एप्रिलच्या सतराव्या दिवशी ती गेली. फ्रीझर डेलबर्टला मिळाला.

त्यानंतरच्या रविवारी कॉफीला मी मुलीला खांद्यावर घेऊन कोपऱ्यात उभा होतो. डेलबर्ट शेजारी येऊन उभा राहिला.

"तुझे ते बारमाही टायर," मग तो म्हणाला, "चांगले निघाले रे. तीन महिने निव्वळ बर्फावर, आणि इंचभर घसरले नाहीत!"

अख्खं चर्च माझ्याकडे बघत होतं. मी मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"वेगळंच आहे हं," मी म्हणालो.