हात जोडण्याच्या मोहिमेची हकीकत

या, श्रोते हो, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलात तर रस पोहोचणार नाही. देवाचे नाव घेऊन आज एका मनगटाची हकीकत सांगतो. मनगट दुसऱ्या कोणाचे असते तर चार विशेषणे अधिक लाविली असती. परंतु ते खासा आमचेच, उजवे, सबब खरे सांगणे प्राप्त आहे.

आमची स्वारी पेशाने कुलपे दुरुस्त करणार. जन्मभर कानस चालवून सांध्यात झीज जाहली, आणि एके सकाळी आमच्याच दुकानास आमचीच किल्ली लाविली असता हातातून ऐसी कळ निघाली की आम्ही शस्त्र टाकोन पायरीवर बसलो, आणि मग येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकानेच दुकान उघडोन दिले. ऐसी बेअब्रू जाहल्याचे वर्तमान घरी पोहोचताच कुटुंबाने फर्मान काढिले : "अहो, तेल चोळणं पुरे, आता दवाखान्यात चला." मग स्वारी बहुत अवसान आणोन, मागील आसनावर बसोन, कुटुंबाच्या स्कूटरने कूच करती जाहली.

हाडांचे सर्जनसाहेब मोठे सौम्य आणि मातबर असामी. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरोन आज्ञापिले की गादी झिजोन हाडावर हाड घासते आहे, तरी आधी व्यायामोपचार करोन पहावा, आणि न जमले तर, "मनगट जोडून टाकू, दुखणं थांबेल." 'जोडून टाकू' एवढे कानी पडताच आम्ही पुढील अक्षर ऐकिले नाही. आम्ही कारागीर, आमचे येथे जोडणे म्हणजे मोडलेले पूर्ववत करणे. व्यायाम तो दुबळ्यांचा, आम्हांस शस्त्रक्रियाच पाहिजे, ऐसा मनसुबा बांधोन, छाती काढोन, बाहेरील बाकावर आलो.

तेथे एक गवंडी बसला होता. न पुसता आम्ही त्यास आमची मसलत सांगितली. तो हसला.

"माझं जोडलंय की. जोडलं म्हणजे आत धातूची पट्टी टाकून कायमचं सरळ केलं. दुखत नाही, विटा उचलतो, रात्री झोपतो. फक्त वाकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे असं," म्हणोन त्याने नमस्कारास दोन्ही हात वर केले. एक तळवा वळला, दुसरा वळेना. तळवे भेटेनात. "हात जोडला आणि हात जोडायचे राहिले! डॉक्टरांनी सांगितलं होतं बरं का आधी. माझं फार झिजलं होतं, दुसरा उपाय नव्हता."

श्रोते हो, आम्ही कीर्तनाचे वेडे; गळा बेसूर, टाळ हाती दिला तर बुवांचा ताल चुकतो; आमची सेवा म्हणोन काय ती एवढीच, शेवटी उभे राहोन हात जोडणे. तेही दुखण्यापायी अर्धेच होत होते. आता सांधा जोडोन समूळ गमवावे काय? तात्काळ तोंड फिरवोन व्यायामोपचाराच्या बाईंच्या खोलीत शरण गेलो. तेथे पट्टा मिळाला, मऊ चेंडू मिळाला, आणि मुख्य हत्यार काय मिळावे? तळव्याला तळवा लावोन छातीपुढे हात धरावे आणि सावकाश खाली न्यावे. म्हणजे नमस्कारच!

मग मोहिमेस आरंभ जाहला. दुकानात हात जोडावे, फाटकात जोडावे, आणि शेजारी पुसे, "काय हो, निवडणुकीला उभे राहताय का?" गिऱ्हाइकास वाटे की कुलूप बिघडविले म्हणोन माफी मागतात. परंतु आमचा स्वभाव उतावीळ. बाईंचा हुकूम होता की ताण लागेतो न्यावे, कळ निघेतो नेऊ नये. आणि आम्ही एकाच हल्ल्यात गड घेऊ म्हणोन ऐसा जोर लाविला की मनगट टम्म फुगले आणि फौजेने माघार घेतली.

बाई म्हणाल्या, "काका, हे अडकलेलं कुलूप नाही, जोर लावून उघडायला."

कुटुंब म्हणाले, "नमस्कार करताय की दंड थोपटताय?"

दोन्ही शब्द वर्मी लागले. मग थोरवी गुंडाळोन ठेविली, आणि ऊन पाण्यात हात शेकोन, रोज केसभर पुढे, दुखले की थांब, ऐसे सबुरीचे युद्ध चालविले. आणि श्रोते हो, नम्रपणे हात जोडावयास आम्हांस या वयात शिकवणी लागली, हे सांगताना लाज वाटते आणि हसूही येते.

पुढे एका सायंकाळी कीर्तनास गेलो. गवंड्यासही आग्रहाने नेले होते. बुवांनी शेवटचा गजर केला, सारी सभा उभी राहिली, आणि आम्ही हात वर केले तो तळव्यास तळवा पुरता भेटला, बोटांपासोन मनगटापर्यंत, मध्ये वारा शिरावयास जागा नाही. सबब नमूद करण्यात येते की उजवे मनगट फत्ते जाहले. झीज आहे तैसीच आहे, थंडीत दुखणे बंड करिते, आणि कधी हद्दीबाहेर गेले तर सर्जनसाहेबांची वाट मोकळी आहे.

विजयाच्या भरात शेजारी पाहिले. गवंड्याने हात खालीच ठेविले होते. मान मात्र इतकी लवविली होती की हनुवटी छातीस टेकली, आणि चेहऱ्यावर कळ नव्हती, केवळ सुख होते. आमचा नमस्कार त्यापुढे उंचीने कमीच भरला.

तर श्रोते हो, आता उठाल, हात जोडाल आणि तळवे सहज भेटतील, तेव्हा त्या गवंड्याची आठवण ठेवा.