बायजाक्काच्या मागे लागलेली मंडळी

मुलांनो, मांडी घालून बसा. किंवा नकाच बसू. आजची गोष्ट उभ्यानं ऐकलेली बरी.

एक जंगल होतं. तिथे बायजाक्का नावाची नीलगाय राहायची. वयानं थोरली, स्वभावानं शांत. एक दिवस झाडाला अंग घासताना तिला कासेजवळ गाठ लागली. गाठ दुखत नव्हती, म्हणून महिनाभर ती कुणाला बोलली नाही. मग एका सकाळी गुपचूप डॉक्टर करकोच्यांकडे गेली.

डॉक्टर करकोचे लांब चोचीचे आणि थोडक्यात बोलणारे. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "अक्का, हा कॅन्सर आहे. लवकर आलात असं मी म्हणणार नाही. पण फार उशीरही केला नाहीत."

त्यांनी चोचीनं गाठ काढली. पुढे चार महिने कडू सालींचं औषध दिलं. बायजाक्काचे केस गळले. ओढ्यावर पाणी प्यायला जायचं तर तीनदा थांबावं लागायचं. पण औषध संपलं आणि ती टिकली.

"आता रोज चालायचं," डॉक्टर म्हणाले. "आधी ओढ्यापर्यंत. जमेल तसं वाढवायचं."

"चालल्यानं कॅन्सर जातो?"

"नाही. त्याला औषधच लागतं. चालल्यानं थकवा कमी होतो, झोप लागते, अंगात ताकद येते. काही कॅन्सर परत येण्याची शक्यताही कमी होते, असं दिसतं. हमी मी कशाचीच देत नाही."

बायजाक्कानं हळूच विचारलं, "मी आधीपासून चालत असते तर हा आलाच नसता का?"

"कदाचित नसता. कदाचित आलाही असता. रोज धावणाऱ्या हरणांनाही होतो. तुमची काही चूक नाही अक्का. मागचं उकरत बसू नका. ते काम भेटायला येणारे करतील."

आणि दुसऱ्याच दिवशी भेटायला येणारे आले.

तिघं होते. सायाळमावशी मोहाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. भाऊसाहेब रानडुक्कर आले. त्यांच्या मावसभावाला कधीतरी काहीतरी झालं होतं, त्यामुळे सगळ्या आजारांतलं त्यांना कळायचं. तिसरा वानर गुणवंतराव. त्याला रोज सकाळी पानांवर लिहिलेले संदेश यायचे आणि तो ते न वाचता पुढे पाठवायचा. वाचण्यात फार वेळ जातो, असं त्याचं म्हणणं होतं.

"चालायचं?" भाऊसाहेब म्हणाले. "अहो, अंगातली शक्ती म्हणजे डबक्यातलं पाणी. वापरलं की संपलं."

"कालच पान आलंय," गुणवंतराव म्हणाला. "चालल्यानं गाठ पायात उतरते."

"तुम्ही कुशीवरसुद्धा वळू नका," सायाळमावशी मायेनं म्हणाली. "मला हाक मारा. मी वळवीन."

सायाळीनं आपल्याला वळवायचं, या कल्पनेनं बायजाक्का जागच्या जागी दोन वीत मागे सरकली. त्या दिवसातला तिचा व्यायाम तेवढाच.

आठ दिवस ती पडून राहिली. तिघं रोज येत. लाडू बहुतेक तेच खात. भाऊसाहेब रोज मावसभावाची गोष्ट सांगत. गोष्ट लांबलचक होती आणि तिच्या शेवटी मावसभाऊ मरायचा.

नवव्या दिवशी सकाळी बायजाक्का पाणी प्यायला उठली तर चारही पाय थरथरले. कॅन्सर गेला आणि पायच घेऊन गेला की काय, असं तिला वाटलं. ती झाडाला टेकून उभी राहिली. तेवढ्यात लांबून भाऊसाहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

बायजाक्का चालू लागली.

व्यायाम म्हणून नाही, मुलांनो. मावसभाऊ पुन्हा मरताना तिला ऐकवत नव्हतं, म्हणून.

"अक्का, थांबा. कुठे निघालात?" भाऊसाहेब मागून निघाले. त्यांच्या मागून सायाळमावशी, डबा सांभाळत. वरून फांद्यांवरून गुणवंतराव. पहिल्या दिवशी सगळे ओढ्यापर्यंत गेले. बायजाक्का दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा सल्ला सुरू झाला म्हणून उठली.

असं रोज होऊ लागलं. ओढ्याच्या पुढे जांभळीचं झाड होतं, तिथपर्यंत मजल गेली. मग माळ. मग टेकडी. बायजाक्काला एक गोष्ट कळली. सपाटीवर भाऊसाहेबांचं वाक्य पूर्ण होतं. चढावर अर्धं होतं. टेकडीच्या माथ्याजवळ नुसतं "अहो" उरतं.

एकदा माळावर सायाळमावशीनं तिला गाठलंच. धापा टाकत म्हणाली, "एवढं काय अडलंय अक्का? पडून राहावं माणसानं."

"मावशी, मला मरायची भीती वाटते," बायजाक्का म्हणाली. "पडून राहिले की जास्त वाटते. चालताना थोडी मागे पडते."

सायाळमावशीनं डबा झुडपाखाली ठेवला आणि त्या दिवशी सल्ला न देता ती बायजाक्काच्या शेजारून चालली. काटे मात्र अंगाशी मिटून घेतले होते.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. तिघं बाहेर उभे होते. भाऊसाहेबांनी मावसभावाचं नावही काढलं नाही.

डॉक्टर बराच वेळ चोच फिरवत होते. शेवटी म्हणाले, "सध्या काही दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या. ताकद छान आलीय."

बायजाक्कानं डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. बाहेर सायाळमावशी रडली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिघांकडे नीट पाहिलं. भाऊसाहेबांचं पोट जमिनीला टेकायचं बंद झालं होतं. गुणवंतरावाचं पित्त गेलं होतं. मावशीचे गुडघे दुखत नव्हते.

"अक्कांना रोज चालवलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही," तिघं एकदम म्हणाले.

"कसं काय जमवलंत?"

भाऊसाहेब नम्रपणे म्हणाले, "विशेष काही नाही. रोज सकाळी टेकडीच्या माथ्यापर्यंत मागे मागे जायचो आणि चालू नका म्हणून सांगायचो."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला.

"चालू ठेवा," ते म्हणाले.

बायजाक्का तोवर नदीच्या वाटेला लागली होती. तिघं लगबगीनं मागे निघाले. गुणवंतरावाला सकाळीच एक नवं पान आलं होतं.

तात्पर्य : आजाऱ्याला भेटायला जरूर जावं आणि सल्ला भरपूर द्यावा. त्यामुळे सल्ला देणाऱ्याची प्रकृती सुधारते. आजाऱ्याची सुधारायची असेल, तर त्यानं फक्त चार पावलं पुढे राहावं.