थोरल्या महाराजांचे कानातले मशीन खोलिले त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि घराघरांतून जी यंत्रे झाकणावाचून, स्क्रूवाचून, दोरीने बांधिलेली तरीही चालतात, त्यांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मुदपाकखाना व एक गॅलरी एवढ्या मुलखाचे एक राज्य होते. थोरले महाराज गोपाळराव, ज्यांस नात आबा म्हणे आणि पुत्र व सून बाबा म्हणत, ते वृद्ध होऊन कानात मशीन घालून बसले होते. पुत्र निरंजनराव गादीवर होते आणि कारभार सून वृंदाराणीसाहेब पाहत होत्या. उभयता सकाळी डबे घेऊन दरबारी जात आणि दिवेलागणीस परतत, तोवर राज्य आबा आणि नात मैनाबाई, वय वर्षे साडेचार, यांचे हवाली असे. मैनाबाईंचा पराक्रम काय वर्णावा! प्रथम रिमोटावर स्वारी करून त्याचे पोट फोडिले, मग कुकरची शिट्टी काबीज केली, आणि मग गजराचे घड्याळ असे सोडविले की काटे एका खोलीत आणि गजर दुसऱ्या खोलीत वाजो लागला. हत्यार म्हणाल तर स्क्रू पिळायचा एक बोटभर पेचकस. हेतू पुसता एकच उत्तर, "आत कोण राहतं ते बघत होते." आबांनी रागे भरावे, ते सोडून ओवी रचून म्हणू लागले,

घड्याळ खोलिले,
आत सापडेना वेळ,
मैना मांडी खेळ
काट्यांसंगे.

राणीसाहेब कपाळास हात लावून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही ओव्या म्हणा आणि मी दुकानं हिंडते! आता एक वस्तू जरी खोलली ना, तर बाईसाहेबांची रवानगी पाळणाघरात." ही आज्ञा ऐकोन आबांचे काळजात चर्र जाहले. मैना जन्मण्यापूर्वीची दुपार त्यांस ठाऊक होती. ती दुपार भिंतीवरच्या पालीबरोबर काढावी लागे, आणि पाल काही गोष्ट सांगा म्हणत नसे.

पुढे एके शनिवारी दुपारी आबा मशीन काढून, उशापाशी ठेवून निजले. त्या मशिनास मधूनच कुईऽ करोन शीळ घालायची खोड होती. मैनाबाईंस संशय आला की आत पाखरू आहे, आणि ते अन्नपाण्यावाचून कोंडिले आहे. मग दयाबुद्धीने मोहीम काढिली. आबा जागे होऊन पाहतात तो वर्तमानपत्रावर मशिनाची शकले मांडली आहेत आणि मैना हिरमुसून बसली आहे. ती ओठ हलवी, परंतु आबांस अक्षर ऐकू येईना. मग तिने कानाशी तोंड लावून किंकाळी दिली, "आबा, आत कुण्णीच नाही!"

आबांनी आधी तो डाळीएवढा सेल उचलिला, की पोरीने तोंडात घालू नये, मग बाकी शकले सुपारीच्या डबीत भरिली, आणि उभयतांत तह जाहला की हे वर्तमान कोणास सांगू नये. सायंकाळी स्वारी परतली. राणीसाहेब पुसती, "भाजीत मीठ बरं आहे का?" आबा मान डोलवून म्हणती, "उत्तम." निरंजनराव पुसती, "पाय दुखतोय का अजून?" आबा म्हणती, "उत्तम, उत्तम." ऐसा कारभार चालिला, आणि आपण मोठे मुत्सद्दी ऐसे आबांस वाटो लागले. तों राणीसाहेब जवळ बसून हळू आवाजे म्हणाल्या, "बाबा, तुम्ही थकलेले दिसता. दिवसभर हिच्यामागे धावायचं म्हणजे... सोमवारपासून हिला पाळणाघरात घालू या का? तुम्हाला चालेल?"

आबा प्रसन्नमुखे वदले, "अवश्य! शुभस्य शीघ्रम्!"

राणीसाहेब चकित जाहल्या. निरंजनराव पुटपुटले, "कंटाळलेच होते की काय बाबा!" आणि मैनाबाईंचा हातचा घास हातीच राहिला. आपल्याच गोटातील सरदार ऐन वेळी फिरला. परंतु तह तो तह, म्हणोन तिने मशिनाचे नाव काढिले नाही. ते इमान थोराथोरांत विरळे.

रविवारी सकाळी मैनाबाईंनी पिशवीत फ्रॉक, बाहुली आणि अर्धा लाडू भरिला, आणि पेचकस आणून आबांच्या हाती दिला. शरण येणारा तलवार ठेवितो तैसा ठेविला. आबा म्हणाले, "अगं, हे काय? कुठं निघालीस?" तेव्हां तिने त्यांचा कान धरून सारी चाळ ऐकेल ऐसे सांगितले, "पाळणाघरात! तुम्हीच हो म्हणालात!"

मुदपाकखान्यातून राणीसाहेब पोळीचे लाटणे घेऊनच धावल्या आणि पुसू लागल्या, "मैना, आबांच्या कानात ओरडतेस कशाला?" खरे सांगावे तर आज्ञाभंग आणि मैना जाते, न सांगावे तर कालच्या रुकाराने मैना जाते. ऐसा पेच पडला. मग आबांनी डबी उपडी केली. सुपारीच्या खांडांसवे मशिनाची शकले जमिनीवर पडली. आबा म्हणाले, "वृंदा, मला काल काही ऐकू आलं नाही. मी कशालाही हो म्हटलं. हे मशीन मी खोललं, आता पाळणाघरात मला घाल. हिला नको."

राणीसाहेबांनी एक शकल उचलून पाहिले. त्यास लाडवाचे बेसन चिकटले होते, आणि आबांस वैद्यांनी गोड वर्ज्य केले होते. तरी त्या आबांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "या वयात असले उद्योग शोभतात का बाबा?" आणि पदराने तोंड झाकोन हसल्या.

पाळणाघराची मसलत बारगळली. मशीन दुरुस्त होऊन येईतो मैनाबाईच आबांचे कान जाहल्या; दाराची घंटा, दूधवाला, कुकरच्या शिट्ट्या, सारे त्यांनी किंकाळीने कळविले, आणि न घडलेलेही पुष्कळ कळविले. राणीसाहेबांनी पेचकस जप्त करोन सर्वांत उंच फळीवर ठेविला. त्या फळीस हात पोहोचविणारे स्टूल राज्यात एकच होते. ते आबांनी, गुडघे दुखतात या सबबीवर, आपल्या खोलीत मागून घेतले. येणेप्रमाणे राज्यात शांतता नांदली, ती पुढील दुपारपर्यंत.