पाटावरचा डायनामा

बावीस वर्षं रांजणगावच्या कंपनीत मशीन सांभाळतोय मी. हत्तीएवढाल्या मशीन! तेव्हा आपल्या व्हॅनचा अल्टरनेटर, म्हणजे आमच्याकडचा डायनामा, बदलायचा म्हणजे काय हो? "शर्टाला बटण लावायचं काम!" असं मी आमच्या सविताला ठणकावून सांगितलं. (बटणंही तीच लावते, ते जाऊ द्या.)

घाई दसऱ्याची होती. भांडगावला माझ्या मेव्हण्यानं, पृथ्वीराजनं, नवं घर बांधलं होतं. दुपारी बाराला गृहप्रवेश. "एकुलत्या बहिणीनं ओवाळल्याबिगर मी उंबरा वलांडणार न्हाई," असं त्यानं अख्ख्या भावकीत सांगून ठेवलेलं! आणि आम्ही दर कार्याला एस.टी.नं, घामाघूम, पंगत उठता उठता पोचणारे.

"अहो, यंदा तरी आपल्या गाडीनं, येळंवर जाऊ," सविता म्हणाली. "एवढं एक करा."

गावातला नागसेन गाड्यांची वायरिंग करतो. तो म्हणाला, "दत्ताभाऊ, अर्ध्या तासाचं काम हाय. मी लावतो की."

"तू फक्त बॅटरी चार्ज करून दे," मी म्हणालो. तो हसला. ते हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अष्टमीला जुना डायनामा काढायला घेतला. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. चार तास ओणवा राहून कंबरेचा पार खुळखुळा झाला. एक नट तासभर शोधला, तो माझ्याच खिशात निघाला! शिरूरहून आणलेला दुसरा डायनामा दुकानदारानं दुरुस्त करून विकायला ठेवलेला, म्हणजे दिसायला जुन्याचाच सख्खा भाऊ. दोन्ही एकाच पोत्यावर ठेवले आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, पक्कड सगळं पूजेला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही! मी कंपनीतल्या पूजेला गेलो आणि पेढे खाऊन परत आलो. बघतो तर पाटावर पाने, विळा, खुरपं आणि मधोमध चकचकीत डायनामा! हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. दुसरा मात्र पोत्यावर काळाठिक्कर. बरं वाटलं हो. बायकोनं नव्या वस्तूची पूजा केली!

"उद्या पाटावरचं काही उचलायच्या आधी मला इचारा," सविता म्हणाली.

"मशीनमधलं मी तुला विचारू?" मी म्हणालो.

दसऱ्याला उजाडताच पाटावरचा डायनामा उचलला आणि दोन तासांत बसवला. काळा पोत्यात कोंबून माळ्यावर टाकला. गाडी चालू झाली! मी दिवसाउजेडी हेडलाइट लावले, गाणी लावली, उगाच हॉर्न मारत निघालो.

"अहो, ह्यो लाल दिवा कशापायी लागलाय?" सविता.

"नवा डायनामा आहे. रुळायला वेळ लागतो. नव्या सुनेसारखं."

"नवी सून अशी डोळं वटारत न्हाई."

चौफुला ओलांडला आणि गाणं बंद पडलं. मग हॉर्न घोगरा झाला. मग व्हॅनच थांबली. सव्वाअकरा!

सवितानं ओवाळायचं ताट मांडीवर घट्ट धरलं. "माझा भाऊ दारात ताटकळंल," म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला लाज वाटली, खरंच सांगतो. खाली उतरून तिला उतरवलं आणि सीट उचललं. आत डायनाम्यावर हळदकुंकू.

"अगं बाई! ह्यो जुना कशाला बसवलात?"

"जुना?"

"मीच तर डिझेल लावून घासला! नवा पोत्यावर हुता!"

म्हणजे इथवर गाडी नुसत्या नागसेननं चार्ज केलेल्या बॅटरीवर आली होती! मी पृथ्वीराजला फोन लावला. घरधनी रेशमी कुडत्यात स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला. "दाजी, गाडीनं येणार म्हनला हुता, आला की!" असं म्हणत त्यानं व्हॅनला दोर बांधला. सविता ट्रॅक्टरवर, ताट सांभाळत. मागं दोराच्या टोकाला व्हॅनमध्ये एकटा मी, स्टेअरिंग धरून. दारात दोनशे पाहुणे, आणि त्यातले निम्मे व्हिडिओ काढत होते!

पण बाराला दोन मिनिटं कमी असताना सवितानं भावाला ओवाळलं. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी नागसेन आमच्या माळ्यावरचा डायनामा घेऊन भांडगावला आला. सव्वीस मिनिटांत काम संपवलं. वर म्हणाला, "दत्ताभाऊ, खराब डायनामा बसवला हुता मात्र एक नंबर!"

परत येताना सवितानं जुना डायनामा मांडीवर घेतला होता. लाल दिवा विझलेला. मी दमून विचारलं, "अगं, पण जुन्याची पूजा कशाला केलीस?"

"मग कुणाची करू? अठरा वर्षं राबला त्यो. नव्यानं अजून केलंय काय?"

बावीस वर्षं मीही राबतोय हो! कुंकू राहू द्या, आजवर मला कुणी डिझेलच्या फडक्यानंसुद्धा पुसलं नाही!