भिंतीआडची सगुणा आणि नातेतज्ज्ञ कोकिळाबाई

वेळ सकाळी साडेसातची. ठिकाण, एका जंगलातला जुना बेहडा. झाडाखाली 'आपले नाते ओळखा' हे शिबिर सुरू झाले होते. मुलांनो, नीट ऐका. उद्या सगळे सांगतील की असे काही घडलेच नाही.

शिबिर घेत होत्या कोकिळाबाई. आवाज गोड, ओळखी वरपर्यंत. त्यांनी प्राण्यांचे तीन प्रकार पाडले होते. जोडीदाराला सोडत नाही तो चिकट. जवळ येऊ देत नाही तो पळपुटा. उरलेला सुरक्षित.

"सगळं लहानपणी ठरतं," बाई म्हणाल्या. "हाक मारल्यावर आई आली की नाही, यावर."

"तुमची यायची का?" कावळिणीने वरून विचारले. तिचे घरटे त्याच झाडावर होते आणि ती अंड्यांवर बसली होती, म्हणून तिला शिबिर ऐकावेच लागत होते.

"मी तुमच्यासारख्यांच्याच घरी वाढले. आईला पाहिलंही नाही. दिसते का काही कमी?"

टाळ्या पडल्या.

मग अजगर उठला. "मी एकदा जवळ घेतलं की शेवटपर्यंत सोडत नाही," तो म्हणाला. बाईंनी त्याला सुरक्षित ठरवले. शेजारचा ससा जरा सरकून बसला. त्याला पळपुटा ठरवले.

मग आला धनेश पक्षी. त्याची बायको सगुणा याच बेहड्याच्या ढोलीत होती. धनेशांची रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. नर दिवसभर उंबरे आणतो आणि फटीतून भरवतो. ही भिंत आहे म्हणून साप आत येत नाही. ही भिंत आहे म्हणून जगात धनेश आहेत.

"माझ्या चकरा सारख्या चालू असतात," धनेश म्हणाला. "उशीर झाला की जीव खालीवर होतो."

"चिकट," बाई म्हणाल्या. "आणि बायको?"

"ती भिंतीआड."

"भिंत कोणी घातली?"

"तिनेच."

बाईंनी सुस्कारा सोडला. "पळपुटी. तुम्ही चिकटता म्हणून ती लपते. चकरा बंद करा. ती आपणहून भिंत पाडेल."

धनेश समोरच्या फांदीवर जाऊन बसला. उंबरे पायाशी ठेवली. दुपारी फटीतून चोच बाहेर आली.

"अहो, उंबरं कुठायत?"

"मी तुला मोकळीक देतोय."

"मोकळीक खाऊन पोरं वाढतात का?"

"तू आधी भिंत पाड. मग बोलू."

"पाडते की. खाली अजगर बसलाय, त्याला जेवायलाच बोलावते. लग्नाआधी तुमच्या आईनं काही सांगितलं नव्हतं वाटतं? तीही अशीच बसली होती, म्हणून तुम्ही आहात."

"बघा," बाई खालून म्हणाल्या. "सासूपासूनचा दोष आहे."

अजगराने मान डोलावली. भिंत पडावी, असे त्यालाही मनापासून वाटत होते.

दुसऱ्या दिवशीही शिबिर चालले. धनेशाचे डोळे फटीवरून हलत नव्हते, पण तो जागचा हलला नाही. त्याला सुरक्षित व्हायचे होते. ढोलीतली पिल्ले सकाळभर ओरडली. दुपारी आवाज बंद झाला.

"शांत झाली," बाई म्हणाल्या. "याला म्हणतात स्वावलंबन." आणि घसा ओला करायला त्या उडून गेल्या.

कावळीण घरट्यातून उठली. धनेशाच्या पायाशी पडलेले उंबर तिने उचलले आणि फटीशी नेले. सगुणाने ते आत ओढून घेतले. कावळिणीने आणखी एक नेले. मग आणखी एक.

"तुमची बायको आहे ना हो ती?" ती धनेशाला म्हणाली. "का माझी?"

तेव्हा धनेश उठला. पंख फाटेपर्यंत फेऱ्या मारल्या. आतून थोरल्याचा आवाज पुन्हा आला. धाकट्यासाठी त्याने घास धरला, तो फटीतच राहिला. "तो नको आता," सगुणा आतून म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

बाई परतल्या. "बघा, पुन्हा चिकटला," त्या म्हणाल्या. मग कावळिणीकडे वळल्या. "तुम्हीही फार गुंतता हो. पण तुम्ही मात्र ही सवय सोडू नका."

समारोपाला वाघमहाराज आले. आपल्या पोरांचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नाही. त्यांना बाईंनी शिबिरातला सर्वांत सुरक्षित प्राणी म्हणून गौरवले. त्यांनी बाईंना 'वनमाता' पुरस्कार दिला.

तात्पर्य: भुकेल्याला वेळेवर घास भरवणे हा आजार आहे. तो लहानपणीच ओळखावा आणि तज्ज्ञांकडून बरा करून घ्यावा.

ढोलीत एक पिल्लू कमी आहे. कावळिणीच्या घरट्यात एक अंडे जास्त आहे. दोन्हींबाबत वनमातेने अद्याप खुलासा केलेला नाही.