अंगारकीचा केसपेपर

असत्य आणि तळलेले पदार्थ यांपासून मनुष्याने दूर राहावे, हे मी पनवेलच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षे शिकवले. त्या मंगळवारी मी दोहोंपैकी एकापासूनही दूर राहिलो नाही.

अंगारकी होती. आमच्या घरी हा उपवास चंद्रोदयापर्यंत निर्जळ असतो. दुपारी मी दूर्वा आणण्यासाठी बाजारात गेलो. कुंदनच्या गाडीवर कांदाभजीचा घाणा नुकताच उतरत होता. तेल ताजे आहे की नाही, एवढेच पाहावे म्हणून मी एक भजे उचलले. (उपवास आपल्यापुरता असतो, जनतेच्या आरोग्याची काळजी हे मात्र समाजकार्य होय.) तपासणी लांबली.

चार वाजता छातीत कळ आली. घाम फुटला. माझी पत्नी सत्यवती हिने माझा चेहरा पाहिला आणि रिक्षा बोलावली.

तातडीच्या दवाखान्यात दहा-बारा माणसे बसली होती. त्यांत गुणाबाई होती. उरणकडची, आमच्या आळीत मासळी विकायला येणारी. शिंगाळा माशाचा काटा तिच्या तळहातात मोडला होता. हात पदरात गुंडाळून ती तासभर बसून होती. मी नंबराची चिठ्ठी घेऊन सर्वांच्या शेवटी बसलो. रांग मोडणे मी पाप मानतो. परंतु प्राजक्ता नावाच्या नर्सने "काका, कुठं दुखतंय?" असे विचारले, मी छातीकडे बोट दाखवले, आणि तिने चाकांची खुर्ची माझ्यापुढे आणली.

"ओ मास्तर!" गुणाबाई कडाडली. "रांग मोडली म्हून पोरांना छड्या दिल्याव, नि आता तुमीच पुढं?"

"मावशी, इथं नंबर चिठ्ठीचा नसतो, दुखण्याचा असतो," प्राजक्ता म्हणाली. "छातीचा पेशंट आधी."

"मंग न्या. माजा काय, दुसरा हात हाय."

आत डॉक्टर कल्पेश होता. माझाच विद्यार्थी. चौथीत त्याचे अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे होते. मी वर्षभर त्याच्याकडून रोज दोन पाने पुस्ती गिरवून घेतली होती.

"सर, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"पांढऱ्या."

"जुने कागद?"

"घरी."

"शेवटचं काय खाल्लंत, आणि कधी?"

"काही नाही," सत्यवती मधेच म्हणाली. "अंगारकी आहे. सकाळपासून पाणीसुद्धा नाही."

कल्पेशने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. (मी बोललो नाही. मान हलवणे असत्यात मोडते का, याविषयी शास्त्रांत मतभेद असावेत अशी मी त्या क्षणी प्रार्थना केली.)

छातीला वायरी लावल्या. यंत्रातून कागद आला. कल्पेशने तो दोनदा पाहिला.

"कार्डिओग्राम ठीक दिसतोय. पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. रिकामं पोट, कळ, घाम... रक्त तपासू, आणि गाडी मागवतो. मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल."

सत्यवतीने हात जोडले. "देवा, यांना वाचव. पाच अंगारक्या निर्जळ करीन."

प्राजक्ताने सुई टोचली.

"अकरा करीन."

कल्पेशने गाडीसाठी फोन लावला. सत्यवतीचे ओठ सुकले होते. बाहेरून गुणाबाईचे कण्हणे ऐकू येत होते, आणि तिच्याकडे जायला कोणी मोकळे नव्हते. कळ आता छातीत होती की आणखी कोठे, हे मला सांगता येईना.

"देवा, महडच्या गणपतीला अनवाणी चालत—"

सत्यवतीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही.

"भजी," मी म्हणालो.

"काय, सर?"

"कांदाभजी. दुपारी."

"किती?"

"चवीपुरती."

"सर, आकडा सांगा."

"एक बशी."

"गणित मी तुमच्याकडेच शिकलो. बशीत किती?"

"एकवीस."

सत्यवतीने डोळे उघडले. "देवाला मोदक एकवीस," ती शांतपणे म्हणाली, "आणि यांना भजी."

कल्पेश हसला नाही. त्याचे कान मात्र लाल झाले. "भजी खाल्ली म्हणून हृदय निर्दोष सुटत नाही, सर," तो म्हणाला, आणि त्याने मला तेथेच झोपवून ठेवले. पित्ताचे औषध दिले. काही तासांनी दुसरा कार्डिओग्राम काढला. तोही स्वच्छ, रक्तही स्वच्छ. गाडी परत पाठवली. दरम्यान गुणाबाईचा काटा निघाला. हाताला पट्टी बांधून ती माझ्या खाटेपाशी आली.

"भजी व्हती व्हय? मना वाटला, मास्तर चालले. तुमच्यासाठी नारल बोलले मी देवाला! तो आता तुमीच फोडा."

छातीतल्या कळेपेक्षा हे अधिक लागले.

नवस बोलला की फेडावा लागतो. बोलली सत्यवती, फेडायचा मी, असा निवाडा रिक्षातच झाला. अंगारकी वर्षातून एकदोनदा येते. अकरा व्हायला मी सत्तरी गाठीन. महडचे वाक्य अर्धवट राहिले होते, म्हणून ते देवापर्यंत पोहोचले नाही असे मी मांडून पाहिले. "पोहोचलं," सत्यवती म्हणाली.

तेव्हा वाचकहो, तातडीच्या दवाखान्यात जाताना गोळ्यांची चिठ्ठी न्यावी, नंबरावरून वाद घालू नये, आणि पोटात जे आहे ते ओठांवर आणावे.

केसपेपर मी निर्धास्त मनाने घरी आणला होता. डॉक्टरांचे अक्षर कोणाला लागत नाही, असा माझा समज होता. सत्यवतीने तो कागद देवघरात, गणपतीच्या उजव्या हाताला लावला आहे. आरतीला येणारा प्रत्येक जण 'उपवासात कांदाभजी, नग २१' ही ओळ दारातूनच वाचतो. कल्पेशचे अक्षर मोत्यासारखे आहे. पुस्ती मीच गिरवून घेतली होती.