वाघाचा खोकला आणि हैबतीची चिलीम

तर मुलांनो, एका जंगलात वाघाला खोकला झाला.

तुम्हाआम्हाला खोकला झाला की आपण काढा पितो. वाघ पडला राजा. त्याने दवंडी पिटवली, की आजपासून जंगलात कुणीही चिलीम ओढायची नाही. सगळ्यांच्या चिलमी गोळा करून डोहात बुडवल्या.

जनावरं चिलीम ओढतात का, असं विचारू नका. जनावरं बोलतात तेव्हा तुम्ही कधी विचारत नाही.

या जंगलात येसबा नावाचं एक साळिंदर राहायचं. त्याचा दोस्त हैबती, म्हणजे अस्वल. दोस्ती जुनी, भांडणंही जुनी. दवंडीच्या आदल्या संध्याकाळीच दोघांची जुंपली होती. येसबा चारचौघांत म्हणाला, "हैबतीचा मध म्हंजी नुसतं गुळाचं पाणी." हैबती म्हणाला, "तुजा बाप उंदीर हुता." साळिंदराला बाकी काहीही म्हणा, हे म्हणू नका.

एरवी यात काळजीचं काही नव्हतं. त्या जंगलात माफी मागायची रीत नव्हती. विस्तव द्यायची होती. चिलीम एकट्याने नीट पेटत नाही. एकाने ती दोन्ही मुठींत धरून ओढायची, दुसऱ्याने वर निखारा धरायचा. म्हणून ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याकडे सकाळी निखारा घेऊन जायचं. तो चिलीम पुढे करायचा. एक झुरका त्याचा, एक आपला. मग पावसापाण्याचं बोलायचं. मिटलं भांडण.

येसबा त्या सकाळी खापरीत निखारा घेऊन निघालाही होता. वाटेत दवंडी ऐकली आणि तो तसाच मागे फिरला.

बंदीचा जंगलाला फार फायदा झाला, हे कबूल करायला हवं. वाघाचा खोकला गेला. हरणं पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली. वाघाला ते फारसं आवडलं नाही. माकडांचा म्होरक्या मागे खोकून खोकूनच गेला होता, आणि त्याच्या तेराव्याला सगळ्यांनी त्याच्या आठवणीत चिलमी पेटवल्या होत्या. तसलं काही आता होईना. सगळे ठणठणीत झाले आणि आपापल्या बिळात जाऊन बसले. जांभळाखालचा अड्डा ओस पडला.

येसबा मात्र झुरत होता. तंबाखूसाठी थोडा, हैबतीसाठी जास्त. काहीतरी निमित्त काढून तो हैबतीच्या गुहेवरून जायचा. हैबती समोर आला की दोघंही आभाळाकडे बघायचे.

मग एक दिवस खारीने बातमी आणली. हैबती नदीपलीकडच्या जंगलात चाललाय, कायमचा. "हितं बोलायला कोण हाय?" असं म्हणाला म्हणे.

राजाच्या कारभारी होत्या कोल्हीणबाई. त्यांनी अशा दुरावलेल्यांसाठी संवाद केंद्र काढलं होतं. येसबा तिथे गेला. हैबतीलाही बोलावणं गेलं. कोल्हीणबाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि तुळशीचा काढा दिला.

"मनात असेल ते अगदी मोकळेपणाने बोला," त्या म्हणाल्या.

हैबतीने पुष्कळ वेळ काढा ढवळला. मग म्हणाला, "याचं काटं टोचत्यात."

"छान! आणखी?"

"बसताना टोचत्यात. उठताना बी टोचत्यात. आजवर कदी बोललो न्हाई."

येसबा चाटच पडला. "आन् तुज्या अंगाला वास मारतो, ते म्या कदी काढलं का?"

"फारच छान चाललंय," कोल्हीणबाई म्हणाल्या.

काढा संपेपर्यंत दोघांनी लहानपणापासूनचं सगळं उकरून काढलं. भांडण मधापुरतं होतं, ते आता जन्माचं झालं. येसबा घरी येऊन ढसाढसा रडला. रडता रडता त्याच्या लक्षात आलं. चिलीम ओढताना तोंड भरलेलं असतं. म्हणून तर इतकी वर्षं निभावलं!

हैबती निघायच्या दिवशी येसबाने पुन्हा खापरीत निखारा घेतला आणि गुहेसमोर जाऊन उभा राहिला. हैबती गाठोडं बांधत होता. त्याने निखाऱ्याकडे पाहिलं. चिलीम तर डोहात. मग त्याने रिकाम्याच पंजांची मूठ वळली, तोंडाला लावली आणि खाली वाकला. येसबाने मुठीवर निखारा धरला. हैबतीने जोरात हवा ओढली, डोळे मिटले आणि सवयीने खोकला.

"यंदा पाऊस बरा वाटतुया," तो म्हणाला.

"बराच म्हनायचा," येसबा म्हणाला, आणि त्यानेही मूठ तोंडाला लावली. हैबतीने गाठोडं सोडलं.

ओळखीचा खोकला ऐकून बिळाबिळांतून माना बाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत सगळं जंगल जांभळाखाली बसून रिकाम्या मुठी ओढत होतं. धूर नाही, तंबाखू नाही, थापा मात्र जुन्याच. गोष्ट इथे संपली असती तर शाळेच्या पुस्तकात गेली असती.

पण वाघ आला. तोही बिचारा एकटाच होता. त्याने बसून दोनदा मूठ ओढली आणि तोंड वाकडं केलं. "यात काही राम नाही रे. कुणाकडे तंबाखू आहे का?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. मग हरणाने हळूच कानामागून चिमूटभर काढली. घुबडाने पंखाखालून काढली. कोल्हीणबाईंच्या शेपटीतून तर अख्खी चिलीम निघाली.

दुसऱ्या दिवशी वाघाला पुन्हा खोकला. राजवैद्य बगळ्याने नाडी पाहिली. तो स्वतः अड्ड्यावर मनसोक्त ओढून आला होता, त्यामुळे तंबाखूला दोष देणं त्याच्या जिवावर आलं. खोकला एकमेकांकडे तोंड करून बसल्याने होतो, असं त्याने निदान केलं.

लगेच नवी दवंडी पिटली. चिलीम ज्याने त्याने खुशाल ओढावी. एकमेकांकडे तोंड करून मात्र कुणी बसू नये. जनावरांनी डोहात बुड्या मारून चिलमी वर काढल्या आणि एकेकटी धुरात खोकत बसली.

येसबा आणि हैबती अजून रोज जांभळाखाली येतात आणि एकमेकांना पाठ लावून बसतात. पाठीबद्दल दवंडीत काही नव्हतं. येसबा खांद्यावरून मागे निखारा धरतो. हैबतीच्या पाठीत काटे रुततात. तो काही म्हणत नाही. त्याच्या तोंडात चिलीम असते.

तात्पर्य: मुलांनो, मैत्री टिकवायची असेल तर मित्राशी मोकळेपणाने बोलू नका. तोंडात काहीतरी धरून ठेवा. तंबाखू नको, तंबाखू फार वाईट. आवळा चालेल. फक्त आवळ्यासाठी कुणाच्या दारात विस्तव घेऊन जाता येत नाही, तेवढी एक अडचण आहे.